टोकियोत जपानी शिकताना मराठीचा उपयोग कुठे, अडचण कुठे?

दिंडोशीकर:
एप्रिलच्या सत्राला टोकियोतल्या भाषाशाळेत प्रवेश मिळाला आहे. एन५ (जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात सोपी पातळी) मुंबईतूनच दिली. पुस्तकं सगळी इंग्रजीतून समजावणारी. मराठी माणसाला जपानी सोपी जाते म्हणतात, ती नक्की कशात? शिवाय मी शाकाहारी आहे. मिक्सर, मसाले इथून न्यावेत का? गेल्या गेल्या कोणती कामं करायला हवीत?

शिवाजीपार्क:
जपानीतही मराठीसारखं क्रियापद शेवटी येतं, पण एवढ्यावर थांबू नका. खरी मदत संयुक्त क्रियापदांत आहे. ‘ताबेते मिरु’ म्हणजे शब्दशः ‘खाऊन बघणे’, ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे ‘खाऊन टाकणे’, ‘कात्ते ओकु’ म्हणजे ‘विकत घेऊन ठेवणे’. इंग्रजीतून हे शिकायला घाम फुटतो, मराठीतून लगेच कळतं. म्हणून वहीत अर्थ मराठीतच लिहा.

उच्चारांचंही तसंच. ‘त्सु’ला चुलीतला च, ‘चि’ला चिमणीतला. त्यांचा ‘न्’ म्हणजे आपला अनुस्वार: ‘शिंबुन’मध्ये आंब्यासारखा, ‘तेंकि’मध्ये अंकासारखा. पुढे स्वर आला की मात्र गडबड होते. ‘होन् ओ योमु’ (पुस्तक वाचणे) याचं ‘होनो’ करू नका, तिथे जिभेचं टोक टेकवायचंच नाही.

सगळ्यात जास्त चुका लांबीच्या होतात, कारण बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही. ‘ओबासान’ म्हणजे काकू-मावशी, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. ‘बिरु’ इमारत, ‘बीरु’ बिअर. मात्रावृत्तासारखं बोटांवर मोजा: ‘किते’ (ये) दोन मात्रा, ‘कित्ते’ (टपालाचं तिकीट) तीन. जोडाक्षरातल्या त् वर अख्खी एक मात्रा थांबायचं. हायकूचे ५-७-५ सुद्धा याच हिशेबाने मोजतात.

मराठी फसवते ती ‘देणे’ आणि आदर या दोन ठिकाणी. ‘मी त्याला दिलं’ला ‘आगेरु’, ‘त्याने मला दिलं’ला ‘कुरेरु’. आपलं एकच क्रियापद दोन्हीकडे चालतं, त्यामुळे हात आपोआप ‘आगेरु’कडे जातो. आणि परक्या माणसाशी बोलताना स्वतःच्या वडिलांना ‘ओतोओसान’ नाही, ‘चिचि’ म्हणायचं. आपल्याला ते अरेतुरे वाटतं. तिथे मात्र परक्यापुढे आपल्या माणसाला मोठेपणा देणं अशिष्ट समजतात. नावापुढे आदरार्थी लावायचं ‘सान’ तर स्वतःच्या नावाला कधीच लावायचं नाही.

ठाकुरद्वार:
मिक्सर नेऊ नका. तिथली वीज १०० व्होल्टची. आपला २३० व्होल्टचा मिक्सर जेमतेम फिरतो, ओलं खोबरं काही वाटलं जात नाही. ट्रान्सफॉर्मर घ्यावा तर तो जड. तिथलाच छोटा मिक्सर घ्या. कुकर जरूर न्या, पण खोलीत इंडक्शन असलं तर साधा अॅल्युमिनियमचा चालणार नाही. गोडा मसाला सीलबंद पाकिटात न्या. ताजा कढीपत्ता आणि आंबे नकोत, विमानतळावरच काढून घेतात. डाळी आणि कणीक टोकियोतल्याच शिन-ओकुबो, निशि-कासाई या भागांतल्या दुकानांत मिळते.

‘मांस खात नाही’ एवढं सांगून भागत नाही. मिसो सूप आणि उदोनचा (जाड नूडल्स) रस्सा बहुधा ‘दाशि’वर करतात, म्हणजे कात्सुओ या सुकवलेल्या माशाच्या किसाच्या पाण्यावर. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन, साकाना नो दाशि मो दामे देसु’ हे पाठ करा. कोंबुची दाशि समुद्री वनस्पतीची असते, ती चालेल. बिस्किटं-मिठाईच्या पाकिटावर ‘झेराचिन’ आणि ‘राआदो’ (चरबी) हे दोन शब्द काताकानात (परभाषेतल्या शब्दांसाठीची जपानी लिपी) ओळखता यायला हवेत.

चर्नीरोड:
विमानतळावर झाइर्यू कार्ड (परदेशी माणसाचं तिथल्या वास्तव्याचं ओळखपत्र) मिळतं. तिथेच अर्धवेळ कामाच्या परवानगीचा अर्ज भरून द्या. आठवड्याला २८ तास ही मर्यादा आहे आणि ती ओलांडली तर व्हिसा वाढवताना अडतं. राहायची जागा ठरली की १४ दिवसांत कुयाकुशोमध्ये (वॉर्ड ऑफिस) पत्ता नोंदवा, आरोग्य विमाही त्याच फेरीत उरका.

औषधांचं आधी बघा. सर्दीच्या गोळ्यांवर स्यूडोएफेड्रिन लिहिलं आहे का ते तपासा, ठरावीक प्रमाणाच्या वर असलं तर तिथे बंदी आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एका महिन्यापेक्षा जास्त न्यायची तर आधी परवानगी लागते.

कचऱ्याचं वेळापत्रक वॉर्डावॉर्डात वेगळं, कुयाकुशोतून आणून दारामागे चिकटवा. जळणारा कचरा पारदर्शक किंवा अर्धपारदर्शक पिशवीत, ठरलेल्या दिवशीच, साधारण सकाळी ८ च्या आत. आदल्या रात्री ठेवला की कावळे पिशव्या फोडतात आणि शेजारी तक्रार करतात. पेट बाटलीचं झाकण आणि लेबल वेगळं काढायचं, बाटली विसळून चेपायची.