कच्चं सफरचंद खाल्लं की तोंड खाजतं, शिजवलेलं चालतं, हे काय प्रकरण आहे?

शिंकसम्राट:
परागकणांची ॲलर्जी मला लहानपणापासून आहे, शिंका, डोळ्यांना खाज, नाक गळणं सगळं अंगवळणी पडलंय. पण गेली दोनेक वर्षं नवीनच सुरू झालंय, कच्चं सफरचंद किंवा गाजर खाल्लं की दोन मिनिटांत ओठ चुरचुरतात, टाळू खाजते, आणि अर्ध्या तासात आपोआप थांबतं. तेच सफरचंद शिजवून खाल्लं तर काहीच नाही!! घरचे म्हणतात नखरे आहेत. शेवटी प्रिक टेस्ट (त्वचेवर थेंब टाकून टोचून करतात ती ॲलर्जीची चाचणी) केली तर सात पदार्थ पॉझिटिव्ह, त्यात गहू आणि दूध पण, जे मी रोज खातो आणि काही होत नाही. आता हे सगळं बंद करू का? मग खाऊ काय, हवा? तिच्यात पण पराग आहेत.

जुनी_खाज:
नखरे नाहीत रे. याला ओरल ॲलर्जी सिंड्रोम म्हणतात. बर्च नावाच्या झाडाच्या परागातलं एक प्रोटीन आणि सफरचंदातलं प्रोटीन जवळपास सारखं दिसतं, त्यामुळे शरीर गंडतं. गाजर, चेरी, हेझलनट त्याच गोतावळ्यातले. रॅगवीड नावाच्या तणाच्या परागाची ॲलर्जी असणाऱ्यांना खरबूज, केळं, काकडी त्रास देतात. शिजवल्यावर त्या प्रोटीनचा आकार मोडतो म्हणून तुला चालतं. परागाच्या सीझनमध्ये जास्त होतं का ते बघ, माझं तसंच आहे.
आणि दूध-गहू उगाच सोडू नकोस. टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे शरीरात त्याविरुद्ध आयजीई (ॲलर्जीवाली अँटीबॉडी) तयार झालंय इतकंच, खाऊन काही होत नसेल तर ती ॲलर्जी नाही. मी असाच रिपोर्ट बघून वर्षभर दूध, अंडी सगळं सोडलं होतं, वजन उतरलं आणि शिंका होत्या तेवढ्याच.

पेन_खिशात:
वरचं बरोबर आहे पण "शिजवलं की चालतं" हे सगळ्यांना सांगत सुटू नका प्लीज. शेंगदाण्याचं प्रोटीन भाजून मोडत नाही, पीचमधलं एक प्रोटीन पण उष्णतेला दाद देत नाही. आणि तोंडापुरती खाज वेगळी, अंगभर गांधी, उलट्या, आवाज बसणं, श्वास अडकणं, चक्कर हे वेगळं. तेव्हा ॲड्रेनलिनचं इंजेक्शनच आधी. मी एकदा ॲलर्जीची गोळी घेऊन "बघू थोडा वेळ" करत बसले होते, फार महागात पडलं, गोळीने खाज कमी होते, श्वास मोकळा होत नाही. इंजेक्शननंतर बरं वाटलं तरी हॉस्पिटलला जायचंच, काही तासांनी परत उलटू शकतं.

नाकपुडी:
नाकाबद्दल कोणी बोललंच नाही. स्टेरॉइड स्प्रे शिंका सुरू झाल्यावर शोधू नकोस, सीझनच्या आधी दोनेक आठवडे सुरू कर (डॉक्टरांना विचारून), आणि मारताना नळी मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने. मी तीन वर्षं उलटं मारत होतो, नाकातून रक्त यायचं आणि शिव्या स्प्रेला.

शिंकसम्राट:
थँक्स सगळ्यांना. एक सांगायचं राहिलं, परवा सफरचंद खाऊन लगेच पळायला गेलो तर ओठ चांगलेच सुजले आणि घसा आवळल्यासारखा झाला. योगायोग ना?

पेन_खिशात:
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं की! व्यायामाने रिॲक्शन वाढते, दारूने आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी पण. कच्चं सफरचंद आजपासून बंद, आणि डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा. रिपोर्ट नंतर दाखव, आधी हे सांग.