मदत हवी आहे: कोड तपासणीच्या साधनात साचलेले जुने नियम कसे छाटावेत?

सप्रेम नमस्कार. नाशिकमध्ये गंगापूर रोडवर आमचा सात जणांचा गट द्राक्ष निर्यातदारांच्या पॅकहाउससाठी जावामध्ये सॉफ्टवेअर लिहितो. कोड तपासण्यासाठी आम्ही एक स्वयंचलित साधन वापरतो; त्याच्या शेऱ्याला दिलेले उत्तर ते नियम म्हणून साठवते आणि पुढच्या प्रत्येक पुल रिक्वेस्टला (कोडमधील बदल मंजुरीसाठी मांडण्याच्या विनंतीला) लावते. असे सुमारे १४० नियम साचले असून ते कोणी व का सांगितले, याची नोंद बहुतेक ठिकाणी नाही.

जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड (एकाच वेळी असंख्य कामे चालवण्यासाठीचे हलके थ्रेड) आले तेव्हा 'सिंक्रोनाइज्ड' ब्लॉकमध्ये (एका वेळी एकाच थ्रेडला प्रवेश देणाऱ्या कोडच्या भागात) थांबलेला असा थ्रेड आपल्या वाहक थ्रेडलाही (ज्या खऱ्या थ्रेडवर तो चालतो त्यालाही) अडकवून ठेवत असे, म्हणून तेथे 'रीएन्ट्रंट लॉक' हे दुसऱ्या प्रकारचे कुलूप वापरावे असे आम्ही साधनाला शिकवले. मार्च २०२५ मध्ये आलेल्या जावा २४ ने ही अडचण बहुतांशी दूर केली, आम्हीही पुढील आवृत्तीवर गेलो, तरी साधन तोच शेरा मारते आणि नव्याने रुजू झालेली मुले तो निमूटपणे मानून चांगला कोड बदलतात, हे मला अधिक खटकते.

सगळेच पुसावे, तर रक्कम 'डबल'ऐवजी (ज्यात दशांश अंदाजे साठतात) 'बिगडेसिमल'मध्ये (ज्यात ते अचूक राहतात) ठेवावी, यासारखे मोलाचे नियमही जातील. (बागेतली एप्रिलची खरड छाटणी कोणी विसरत नाही, आमच्या छाटणीला मात्र महिनाच ठरलेला नाही.)

हे नियम रेपॉझिटरीतच (कोडच्या सामायिक साठ्यात) साध्या फाइलमध्ये ठेवून त्यांतील बदलही पुल रिक्वेस्टनेच मंजूर करण्याचा अनुभव कोणास आहे का? प्रत्येक नियमाला कारण, आवृत्ती आणि फेरतपासणीची तारीख जोडण्याची शिस्त प्रत्यक्षात टिकते का? परस्परविरोधी नियम आपण कसे शोधता?