मदत हवी आहे: सासूबाईंच्या मिकमॉ आजोळचा शोध (केप ब्रेटन, कॅनडा)

नमस्कार मंडळी,

केप ब्रेटनला राहणाऱ्या किंवा तिथल्या विद्यापीठात शिकलेल्या मराठी लोकांकडून मदत हवी आहे. इतरांना काही सुचलं तरी जरूर लिहा.

आम्ही हॅलिफॅक्सला असतो. माझ्या आजेसासूबाई, म्हणजे सासूबाईंच्या आई, मिकमॉ होत्या. नोव्हा स्कोशिया, प्रिन्स एडवर्ड आयलंड आणि आसपासचा बराच मुलूख मूळचा या लोकांचा. आजेसासूबाईंचा जन्म एस्कसोनीचा, म्हणजे केप ब्रेटनवरच्या मिकमॉ वस्तीचा. लहानपणी त्यांना घरापासून तोडून मूलनिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळेत ठेवलं. तिथे आपल्या भाषेत बोललं की शिक्षा. त्या धास्तीने पुढे त्यांनी स्वतःच्या लेकीलाही ती भाषा शिकवली नाही. सेंट अ‍ॅनच्या तसबिरीपुढे प्रार्थना पुटपुटायच्या, तेवढीच सासूबाईंच्या कानावर पडली.

आजेसासूबाईंचं लग्न झालं एका गोऱ्या कोळ्याशी. तेव्हाच्या इंडियन अ‍ॅक्टप्रमाणे (हा कॅनडातल्या मूलनिवासींसाठीचा कायदा) बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं की बाईचं नाव मूलनिवासींच्या सरकारी नोंदीतून जायचं, पुरुषाचं मात्र जात नसे. १९८५ साली कायदा बदलला, पण आजेसासूबाईंनी अर्ज केलाच नाही. २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अशा बायकांच्या १७ एप्रिल १९८५ पूर्वी जन्मलेल्या वंशजांनाही नोंदणीचा हक्क आहे, म्हणजे सासूबाईंना आणि माझ्या नवऱ्यालाही. त्यासाठी आजेसासूबाईंची जुनी नोंद सापडायला हवी. बाप्तिस्म्याचा दाखला मिळालाय, त्यावर आडनावाचं स्पेलिंग वेगळंच आहे. १९३१ ची जनगणना आता खुली झाली आहे, तिच्यातही शोधतेय. असा स्पेलिंगचा घोळ असताना अर्ज केलेलं कोणी आहे का? प्रतिज्ञापत्र चालतं का?

पण हे दुय्यम आहे. सासूबाई म्हणतात, "नोंदणीचं नंतर बघू. आईच्या बाजूचं कोणी उरलंय का ते आधी कळू दे." आणि मलाही तेच पटतं. डीएनए चाचणी करा असं अनेकजण सांगतात, पण ती करून माणसं आपलं म्हणतील असं नाही. शिवाय या भागात लांबच्या कुठल्यातरी पूर्वजाच्या जोरावर हक्क सांगायला येणारे पुष्कळ झालेत, त्यामुळे तिथल्या लोकांनी सावध असणं अगदी योग्य आहे. म्हणून थेट बँड ऑफिसला (तिथल्या मिकमॉ समाजाच्या कारभाराच्या कचेरीला) फोन करायला मन धजत नाही. आधी पत्र पाठवावं का? कोणाच्या ओळखीने गेलेलं बरं?

आता भाषेचं. नवऱ्याच्या मावशीकडे एक कॅसेट आहे, तिच्यावर आजेसासूबाईंच्या प्रार्थना आणि थोडं बोलणं आहे. कॅसेट डिजिटल करून घेतली. माझी लेक ते ऐकून शब्द उचलायला लागली आहे, आणि सासूबाई तिच्या शेजारी बसून ऐकतात. हे पुढे न्यावं असं फार वाटतं. ऑनलाइन बोलता शब्दकोश आहे, त्यात प्रत्येक शब्द भाषकांच्या आवाजात ऐकायला मिळतो. पण तो लिस्टुगुज या क्वेबेकमधल्या मिकमॉ वस्तीकडच्या लोकांनी सुरू केलेला, त्यातली लिहिण्याची पद्धत वेगळी; केप ब्रेटनला स्मिथ-फ्रान्सिस पद्धत चालते. मुलीला पणजीच्या गावचीच पद्धत शिकवावी असं माझं मत आहे, जाणकारांनी सांगावं. केप ब्रेटन विद्यापीठातल्या उनामाकी कॉलेजमध्ये ही भाषा शिकवतात. तुमच्यापैकी कोणी तिथे शिकलंय का? बाहेरच्या प्रौढ माणसाला एखाद्या वर्गाला बसू देतात का? आणि कॅसेटमधलं उतरवून घ्यायचं तर एस्कसोनीतल्या एखाद्या जाणत्या व्यक्तीला विनंती कशी करावी, सोबत काय न्यावं, मानधन कसं द्यावं, हे कृपया नीट सांगा. प्रार्थनांचं रेकॉर्डिंग घरातलं आहे, ते सासूबाईंच्या परवानगीशिवाय कुणालाही पाठवणार नाही.

शेवटचं. २६ जुलैला सेंट अ‍ॅनचा सण असतो, त्या सुमारास पॉटलोटेकजवळच्या चॅपल आयलंडवर मिकमॉ कुटुंबं जमतात. सासूबाईंना न्यायचा विचार आहे. त्या सत्तरीच्या पुढे आहेत, गुडघे दुखतात. होडीत चढ-उतार त्यांना जमेल का, तिथे बसायची सोय असते का, फोटो काढलेले चालतात का? कोणी जाऊन आलं असेल तर लिहा. जूनच्या आत कळलं तर केप ब्रेटनमधल्या सिडनीला राहायची खोली बघता येईल.