मदत हवी आहे: चालकविरहित शेअर टॅक्सीचा हिशेब कसा मांडायचा?

नमस्कार मंडळी, महानगराच्या वाहतूक आराखड्यावर प्रकल्प करतेय आणि एका जागी अडकलेय. आंतरराष्ट्रीय वाहतूक मंचाच्या २०१५ च्या लिस्बन शहराच्या सिम्युलेशनमध्ये (संगणकावरच्या आभासी प्रयोगात) मेट्रो आणि चालकविरहित शेअर टॅक्सी मिळून दहापैकी नऊ गाड्यांची गरजच उरत नाही. तरी गाड्यांचे एकूण किलोमीटर ६ टक्क्यांनी वाढतात! रिकाम्या फेऱ्या, वळसे, शिवाय बसचे प्रवासीही याच गाड्यांत. मेट्रो नाही आणि प्रत्येक जण एकटाच बसला, तर वाढ थेट ८९ टक्के.

म्हणजे सगळं शेअरिंगवर अवलंबून. मग अनोळखी माणसाशेजारी बसायची लोकांची तयारी मॉडेलमध्ये कशी धरता? सर्वेक्षणात ‘हो’ म्हणायला काय जातं! कुणी असं काम केलंय का?