सवय होते, पण नजर?

हल्ली नव्या गाड्यांत बटणांच्या जागी टचस्क्रीन असते, आणि "सवय झाली की स्क्रीनचा त्रास होत नाही," असं म्हणतात. नकाशा आणि रिव्हर्स कॅमेऱ्यापुरतं मान्य. सदाशिव पेठेतल्या बोळात गाडी मागे घेताना मीही त्या कॅमेऱ्याला मनातल्या मनात नमस्कार करतो.

पण परवा कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलो, समोर धो धो पाऊस. काच आतून धुरकटली, नवले पुलाकडचा उतार, मागे ट्रक. आणि मी एसीचा मेनू शोधतोय! जुन्या गाडीत हात आपोआप बटणावर जायचा. ताशी ६० च्या वेगात सेकंदाला जवळपास १७ मीटर जातात हो. शेवटी बायकोनंच बोट लावलं, वर "रस्त्याकडे बघ" हेही ऐकवलं.

२०२२ मध्ये एका स्वीडिश मासिकानं ताशी ११० किमी वेगात चाचणी घेतली होती. रेडिओ, एसी वगैरे ठराविक कामांना २००५ च्या बटणवाल्या व्होल्वोत १० सेकंद लागले, स्क्रीनवाल्या सर्वांत संथ गाडीत ४४.६. आणि त्या चालकांना आधी सराव करू दिला होता, म्हणजे सवयीचा मुद्दाही तिथेच निकालात.

नवी गाडी घेताय? शोरूममध्ये एसीला बटणं आहेत का, एवढं आधी बघा. सनरूफ नंतर.