थायलंडमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाने स्वतःला कायमचा पाहुणाच समजावे काय?

नोन्थबुरीकर

नोकरीनिमित्त थायलंडमध्ये येऊ घातलेली मराठी मंडळी नेहमी तेच तीन प्रश्न विचारतात: भाषा शिकावी का, घर विकत घ्यावे का आणि थाई शेजाऱ्यांत राहावे की आपल्या लोकांच्या वस्तीत. त्यांना मिळणारी उत्तरे बहुधा फार गोड असतात, म्हणून माझे मत थोडे कडवट वाटले तरी मुद्दाम मांडतो. या देशाने परदेशी माणसाला पाहुणा म्हणूनच ठेवायचे ठरवले आहे, आणि पाहुण्याने पाहुण्याच्या हिशेबानेच संसार मांडावा.

पुरावा कायद्यातच आहे. तुम्ही कोणत्याही घरात राहायला गेलात की 24 तासांच्या आत घरमालकाने त्याची वर्दी इमिग्रेशनला द्यायची असते. जबाबदारी त्याची असली, तरी व्हिसाच्या मुदतवाढीच्या वेळी पावती तुमच्याकडे मागितली जाते आणि खेटे तुम्हीच घालता. सलग 90 दिवस देशात राहिलात की आपला पत्ता पुन्हा कळवायचा; उशीर झाला तर 2,000 बाट दंड. मुदतवाढ मिळाल्यानंतर पुनःप्रवेशाचा परवाना न काढता चार दिवस घरी जाऊन आलात, तर ती मुदतवाढ विमानतळावरच संपते. नोकरी सुटली की राहण्याची परवानगीही त्याच दिवशी सुटते. कायम वास्तव्याचा परवाना दरवर्षी एका देशाच्या फक्त 100 नागरिकांना मिळू शकतो. ही वागणूक कुणाला आपले मानणाऱ्या यजमानाची नाही. तक्रार म्हणून हे सांगत नाही. त्यांचा देश आहे आणि नियम त्यांचे आहेत.

म्हणून माझा सल्ला असा: भाड्याने राहा, सामान कमी ठेवा, कागदपत्रांची फाइल चोख ठेवा, आकडे आणि रस्त्यांची नावे बोलता येण्यापुरती थाई शिका, आणि भाषेच्या वर्गात घालवायची वर्षे आपल्या कामाला द्या. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी कारणांसह लिहावे.

उत्तरेची वाट

आपण दिलेले नियम बरोबर आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. इमिग्रेशनची खिडकी वर्षातून मोजक्या वेळा गाठावी लागते; गल्लीच्या तोंडाशी उभे असलेले नारिंगी जाकिटातले मोटारसायकल-टॅक्सीवाले, भाजीवाली, घरमालकीण आणि शेजारची आजी रोज भेटतात. खिडकीने तुम्हाला पाहुणे ठरवले म्हणून या सगळ्यांशी पाहुण्यासारखे वागायचे, यात काय हशील आहे?

शिवाय आपण कराचा उल्लेख सोयीस्करपणे टाळला आहे. एका वर्षात 180 दिवस येथे राहिलेला माणूस करापुरता रहिवासी ठरतो, आणि 2024 पासून बाहेरच्या देशात मिळवून येथे आणलेले उत्पन्नही करकक्षेत आले आहे. पुण्यातल्या घराचे भाडे इकडे मागवणाऱ्याला भारत आणि थायलंड यांच्यातील दुहेरी कर टाळण्याच्या कराराचा आधार मिळू शकतो, पण विवरणपत्र भरण्याचा विचार त्याला करावाच लागतो. कर भरताना रहिवासी आणि शेजार करताना पाहुणा, अशी वाटणी मला पटत नाही.

आता भाषेबद्दल. चियांगमाईत माझ्या परिचयाच्या बहुतेक भाडेकरूंचे पैसे कुठे जातात ते पाहा. महिन्याच्या भाड्याने खोल्या देणाऱ्या इमारतींत विजेचा दर पुष्कळदा मालकच ठरवतो. सरकारी दर साधारण चार-साडेचार बाटांचा असताना युनिटला सात-आठ बाट लावले जातात, आणि ते करारातच लिहिलेले असते, फक्त थाई भाषेत. दोन महिन्यांची अनामत कोणत्या कारणांसाठी कापली जाईल, हेही त्याच पानावर असते. ज्याला ते वाचता येते, तो सही करण्यापूर्वीच वीज कंपनीच्या बिलाप्रमाणे पैसे घेणारे घर शोधतो. ज्याला येत नाही, तो नंतर आपल्यासारखा यजमानाच्या स्वभावावर निबंध लिहितो.

मराठी माणसाला ही लिपी वाटते तितकी अवघड नाही. 44 व्यंजने आहेत खरी, पण त्यांची मांडणी आपल्याच क-च-ट-त-प वर्गांच्या क्रमाने जाते. क आणि ख, त आणि थ, प आणि फ यांतला जो फरक युरोपीय शिकाऊंना महिनोन्‌महिने छळतो, तो आपल्या कानाला जन्मापासून ठाऊक आहे. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि उच्चाराचे पाच सूर (आवाजाचे चढउतार) सांभाळावे लागतात, हे दोन अडथळे मात्र खरेच मोठे आहेत.

रानवाटा

मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे, आणि माझा मुद्दा प्रवेशशुल्काचा आहे. खाओ याई राष्ट्रीय उद्यानात थाई माणसाला 40 बाट आणि परदेशी माणसाला 400 बाट पडतात. बँकॉकच्या राजवाड्यात थाई नागरिकाला प्रवेश विनामूल्य आहे आणि आपल्याला 500 बाट मोजावे लागतात. थाई वाहन परवाना किंवा वर्क परमिट दाखवल्यावर काही ठिकाणी स्थानिक दर लावतात, पण ते खिडकीवरच्या माणसाच्या मर्जीवर असते. हक्क म्हणून मागता येत नाही. काही जागी स्थानिक दर थाई अंकांत लिहिलेला असतो, म्हणजे परदेशी माणसाला तो वाचताच येऊ नये.

यावर कुणी म्हणेल की भारतातही हेच चालते. चालते, परंतु थाई लोकांसाठी नाही. अजिंठ्याला भारतीयांना 40 रुपये आणि परदेशी पर्यटकांना 600 रुपये तिकीट आहे, मात्र बिमस्टेक या गटातल्या देशांच्या नागरिकांना भारतीयांचाच दर लागतो. थायलंड त्या गटात आहे, इतकेच नव्हे तर 1997 साली त्याचा पाया बँकॉकमध्येच घातला गेला. म्हणजे अजिंठा-वेरूळला येणारा थाई यात्रेकरू आपल्या रांगेत उभा राहतो आणि आपण खाओ याईत दहापट देतो. वर्षानुवर्षे येथे कर भरणाऱ्या माणसाला हे खुपले, तर त्याला कृतघ्न म्हणू नये.

दस्तऐवज

तिकिटाचा वाद चालू द्या. मी फक्त घर आणि जमीन यांबद्दल लिहितो, कारण त्या बाबतीत गैरसमज महागात पडतात. परदेशी व्यक्तीला थायलंडमध्ये जमिनीची मालकी मिळत नाही. सदनिका स्वतःच्या नावावर घेता येते, पण इमारतीतील एकूण विक्रीयोग्य क्षेत्रापैकी 49 टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते, आणि पैसे परकीय चलनात बाहेरून आल्याचा बँकेचा पुरावा भूमी कार्यालयात द्यावा लागतो. भारतातून पैसे आणणाऱ्याने परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेची माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादाही लक्षात ठेवावी. जमीन दीर्घ मुदतीच्या भाड्याने घेता येते, पण ती एका वेळी जास्तीत जास्त 30 वर्षांसाठी.

थाई जोडीदाराच्या नावावर जमीन घेताना तो पैसा जोडीदाराचा स्वतंत्र पैसा आहे, असे परदेशी नवऱ्याला किंवा बायकोला भूमी कार्यालयात लिहून द्यावे लागते. पुढे घटस्फोट झाला तर हाच कागद समोर येतो. नावापुरते थाई भागधारक दाखवून कंपनी काढायची आणि तिच्या नावावर जमीन घ्यायची, हा मार्ग दलाल आजही सुचवतात. तो बेकायदा आहे आणि जमीन विकून टाकण्याची पाळी येऊ शकते. जमीन पाहायला गेलात तर दस्तावर छापलेल्या गरुडाचा (सरकारी चिन्हाचा) रंग आधी पाहा. लाल गरुड म्हणजे मोजणी झालेल्या पूर्ण मालकीचा दस्त. हिरवा किंवा काळा असेल, तर तो त्याहून कमी दर्जाचा असतो.

नोन्थबुरीकर

दस्तऐवज यांच्या प्रतिसादाने माझाच मुद्दा भक्कम झाला, याबद्दल त्यांचे आभार. रानवाटा यांच्या संतापात मात्र मी सामील होत नाही. पाहुण्याकडून जास्त पैसे घेणे आवडो वा न आवडो, आपण पाहुणे आहोत हे एकदा मान्य केले की चारशे बाटांचे दुःख उरत नाही.

उत्तरेची वाट यांना एक प्रश्न आहे. भाषा येणाऱ्या माणसाला आपण इतके धीट करता, तर त्याचे धोकेही सांगाल का? येथे बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे. घरमालकाने अनामत बुडवली म्हणून त्याचे नाव घालून संतापाने काही लिहिलेत, तर खटला तुमच्यावरच होऊ शकतो. राजघराण्याविषयीच्या अनुदार शब्दांना तर प्रत्येक गुन्ह्यामागे तीन ते पंधरा वर्षांची कैद आहे. थोडी भाषा येणारा माणूस गप्पांच्या भरात जे बोलून जातो, ते न येणारा बोलत नाही. मौन हे पाहुण्याला शोभते, आणि ते स्वस्तही पडते.

पालेभाजी

वादात थोडी जेवणाची भर घालते. ज्यांच्या घरी मांसाहार चालत नाही, त्यांना धागाकर्त्यांचा ‘आकडे आणि रस्त्यांची नावे’ हा अभ्यासक्रम दुसऱ्याच दिवशी अपुरा पडेल. नुसते ‘मांस नको’ म्हटले तरी भाजीत माशाचा खारा रस, म्हणजे नाम प्ला, आणि ऑयस्टर सॉस पडतोच, कारण पुष्कळ स्वयंपाक्यांच्या दृष्टीने तो केवळ मसाला असतो. ‘जे’ ही पाटी ओळखायला शिका. पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरात ती असते आणि त्या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतेच, शिवाय कांदा-लसूणही नसतो. आपल्या जैन मित्रांनी मात्र कंदमुळे नाहीत ना, हे विचारूनच घ्यावे. ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव येतो तेव्हा फुकेतपासून बँकॉकच्या चिनी वस्तीपर्यंत याच पाट्या दिसतात. एरवी मात्र तोंड उघडून सांगावेच लागते, आणि सांगितले की बाई कढई धुऊन वेगळे करून देतात. बँकॉकमधल्या पाहुरात या भारतीय वस्तीत जाऊन डाळ-भात खाण्याला माझा विरोध नाही, पण रोज कोण जाणार?

उत्तरेची वाट

मौनाच्या मुद्द्याला उत्तर देते. भाषा शिकणे म्हणजे कुठे गप्प बसावे हेही शिकणे. चारचौघांत आवाज चढवला की काम होत नाही. सगळेजण हसून बाजूला होतात आणि तुमचा कागद शेवटी जातो. वयाने मोठ्याला ‘पी’ आणि लहानाला ‘नोंग’ म्हणून हाक मारली की समोरच्याचा चेहरा सैल होतो. आपल्या ताई-दादांची सवय असलेल्यांना हे शिकवावे लागू नये. आडनावाने मात्र कुणी कुणाला ओळखत नाही. 1913 सालच्या कायद्यापर्यंत बहुतेकांना आडनावच नव्हते, आणि आजही कार्यालयात साहेबाला पहिल्या नावालाच ‘खुन’ (म्हणजे श्री किंवा श्रीमती) लावून बोलावतात.

पाहुणा आणि शेजारी यांतला फरक मला अंत्यविधीत सर्वांत स्पष्ट दिसतो. गल्लीत कुणी गेले की वाटमध्ये, म्हणजे बौद्ध मंदिरात, तीन, पाच किंवा सात रात्री भिक्षूंचे पठण होते. काळे किंवा पांढरे कपडे घालून जायचे, हात जोडून बसायचे आणि पाकिटात घरच्यांसाठी थोडे पैसे द्यायचे. पठणानंतर आलेल्यांना खायला देतात. सुतकाच्या घरी पाणीही न घेण्याची सवय असलेल्या आपल्याला ते विचित्र वाटते आणि बरेच मराठी लोक हात जोडून निघून जातात. थांबून वाटीभर पेज घेणाऱ्याची दखल मात्र गल्ली घेते. कुणी काही बोलत नाही, पण पुढच्या पावसाळ्यात गल्लीत पाणी भरते तेव्हा तुमची मोटारसायकल उंचावर कुणीतरी आधीच नेऊन ठेवलेली असते. लग्नाच्या पाकिटाबद्दल मी एवढे आग्रहाने लिहिणार नाही. ते निमंत्रणाबरोबरच येते, त्यातच पैसे घालून परत द्यायचे, विषय संपला.

राहिली चारशे बाटांची गोष्ट. रानवाटा यांचा अजिंठ्याचा मुद्दा मला बिनतोड वाटतो, आणि तो येथील थाई मित्रांना सांगितला तर त्यांतले बरेच ओशाळतात. पण तो सांगायला थाई यावी लागते.

नोन्थबुरीकर

अंत्यविधीबद्दलचे आपले म्हणणे मी मान्य करतो. तेथे जाणे मी कधी वर्ज्य म्हटलेले नाही. परंतु मोटारसायकल उंचावर नेऊन ठेवणारा शेजारी इमिग्रेशनच्या खिडकीवर काहीच करू शकत नाही. पन्नाशी उलटलेल्या आणि नोकरी संपलेल्या माणसाला निवृत्तीच्या कारणाने राहायचे असेल, तर खात्यात 8 लाख बाट किंवा दरमहा 65,000 बाट उत्पन्न दाखवावे लागते. रक्कम दाखवायची असेल तर ती अर्जाच्या दोन महिने आधीपासून खात्यात हवी, मंजुरीनंतर तीन महिने तिला हात लावता येत नाही, आणि उरलेल्या काळातही शिल्लक 4 लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. वीस वर्षे गल्लीतल्या प्रत्येक अंत्यविधीला गेलेल्या माणसालाही यातून एका बाटाची सूट नाही. या रकमेची तजवीज आधी करा आणि मग लिपी गिरवा, एवढेच माझे म्हणणे आहे.

उत्तरेची वाट

तजवीज करावी, याबद्दल दुमत कधीच नव्हते. पण पहिल्या लेखात आपण लिपी नंतर गिरवा असे म्हटलेले नाही, गिरवूच नका असे म्हटले आहे. 8 लाख बाटांवरून ते कसे सिद्ध होते, हे आपण अजून सांगितलेले नाही.