मदत हवी आहे: तोंडाच्या कॅन्सरच्या उपचारानंतर मिस्टर चारचौघांत जेवेनासे झालेत

नमस्कार मंडळी,

माझ्या मिस्टरांचं (वय ५२) गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. मानेतल्या गाठीही काढल्या, मग रेडिएशनचे ३० शेक दिले. आता रिपोर्ट चांगले आहेत. पाहुणेमंडळी "सुटलात एकदाचे" म्हणतात. मला मात्र खरं कठीण आता सुरू झालंय असं वाटतं.

शेकांमुळं लाळ सुकलीय, तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. भाकरी आमटीत कुस्करून, घोटघोट पाणी घेत जेवतात. तांबडा रस्सा जिभेला लागला तरी डोळ्यांतून पाणी येतं. परवा मिरची-मिरी न घालता, नारळाचं दूध जास्त घालून पांढरा रस्सा केला, तो वाटीभर प्याले. किती बरं वाटलं सांगू! पण घरात कुणी आलं की "भूक नाही" म्हणत आतल्या खोलीत जातात. ओठाच्या कोपऱ्यातून घास सांडतो, तो कुणाला दिसू नये म्हणून. लग्नकार्य बंद. राजारामपुरीतलं दुकान दीर बघतात, कारण बोलणं गिऱ्हाईकाला कळत नाही. रंकाळ्यावर फिरायलाही पहाटे अंधारातच जातात.

तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. रात्री उठून आरशासमोर बॅटरी धरून गाल बघत बसतात. मी जागी आहे हे त्यांना माहीत असतं, पण दोघंही काही बोलत नाही.

आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायचा व्यायाम दिलाय. दुखतं म्हणून टाळतात, आणि मी आठवण केली की चिडतात. न केल्यास जबडा आणखी आवळतो, म्हणून गप्पही बसवत नाही. दाढ दुखतेय, पण शेक बसलेल्या जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही, म्हणून कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती काढणार नाही. मानेला शेक बसल्यावर थायरॉइड मंदावू शकतं. थकवा त्यामुळं आहे का हे बघायला टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करायला दिलंय.

यातून गेलेल्यांनी कृपया सांगा: व्यायामाचं दुखणं कशानं सुसह्य झालं? गरम पाण्याच्या शेकानं फरक पडतो का? कोल्हापूर-सांगलीकडं बोलण्या-गिळण्याचे व्यायाम शिकवणारे चांगले स्पीच थेरपिस्ट आहेत का? आणि ज्यांचं हेच ऑपरेशन झालंय असे कुणी त्यांच्याशी फोनवर बोलायला तयार असतील तर इथं कळवा. माझं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील. चुलत पुतण्याचं लग्न पुढच्या महिन्यात आहे, त्याआधी झालं तर फार बरं.